नाताळचें झाड व घरांतील टाकाऊ वस्तु

२०२३ सालच्या डिसेंबर महिन्यांत आमच्या शाळेसमोरील दुकानदारानें आम्हांस रस्त्यांत थांबवून मोठ्या कृतज्ञतेनें सांगितलें कीं, "सर, तुमच्या त्या टाकाऊ वस्तूंच्या स्पर्धेनं माझे चहाचे कागदी पेले दोन दिवसांत खपले. पुढच्या वर्षी आधी कळवा, म्हणजे जास्त माल भरून ठेवीन." दुकानदार सरळ मनाचा गृहस्थ आहे व त्याच्या बोलण्यांत उपहासाचा लेशहि नव्हता. परंतु तें ऐकून आमची मान जी खालीं गेली, ती शाळेच्या फाटकांत शिरेपर्यंत वर झाली नाहीं. ती स्पर्धा आमच्याच सूचनेवरून ठेविली होती. "घरांतील टाकाऊ वस्तूंपासून नाताळचें झाड" असा तिचा विषय होता. तिचे परीक्षकहि आम्हीच होतों. आणि ज्या झाडास आम्हीं पहिलें बक्षीस दिलें होतें तें त्याच दुकानांतील कोऱ्या पेल्यांचें होतें, हें आम्हांस त्या क्षणीं कळलें.

तें झाड दिसावयास अतिशय सुंदर होतें, हें आजहि आम्ही नाकारीत नाहीं. एकावर एक चढत व लहान होत गेलेलीं पेल्यांचीं वर्तुळें, त्यांस दिलेला एकसारखा हिरवा रंग, आणि शेंड्यावर सोनेरी तारा. त्याच्या शेजारीं एक झाड प्लॅस्टिकच्या चमच्यांचें होतें, एक सरबत पिण्याच्या रंगीत नळ्यांचें होतें, आणि एकावर तर थर्मोकोलचे बारीक गोळे बर्फाप्रमाणें पसरले होते. सर्व कांहीं इतकें स्वच्छ व इतकें एकसारखें होतें कीं, ज्याच्या घरीं रोज चूल पेटते अशा कोणाहि मनुष्यास संशय यावा. खरा केर कधीं एकसारखा नसतो. शिवाय, शोभेसाठीं थर्मोकोल वापरण्यास महाराष्ट्रांत २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें व सर्व भारतांत १ जुलै २०२२ पासून मनाई आहे. म्हणजे तो बर्फ आमच्या सभागृहांत कायद्याविरुद्ध पडला होता, आणि आम्हीं त्यास उत्तेजनार्थ बक्षीस दिलें होतें!

मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. आठवडाभराची मुदत देऊन टाकाऊ वस्तूंचें झाड करून आणा असें सांगितल्यावर, मुलानें एकसारख्या शेंकडों टाकाऊ वस्तु आणाव्या कोठून? आईबापांनीं मोबाइलवर एखादी चित्रफीत पाहिली, तींत जें झाड होतें त्याची सामुग्री मोजली, आणि ती विकत आणली. टाकाऊचें टिकाऊ करावयाचें होतें. त्याऐवजीं चांगल्या वस्तूंचें टाकाऊ झालें.

त्याच स्पर्धेंत सातव्या इयत्तेंतील एक मुलगी रिकाम्या हातानें आली होती. नांवें घेतांना आम्हीं तिला कारण विचारलें, तेव्हां ती उभी राहून म्हणाली, "सर, आमच्या घरी टाकायचं काही नसतं." वर्गांतील दोघेतिघे हंसले. आम्हांस तें उत्तर उडवाउडवीचें वाटलें. आम्हीं तिला खालीं बसावयास सांगितलें व यादींत तिच्या नांवापुढें "सहभाग नाहीं" असें लिहिलें. शिक्षकाच्या हातून दिवसाकांठीं असे अनेक शेरे लिहिले जातात व तो ते विसरूनहि जातो. हा शेरा आम्ही विसरलों नाहीं, याचें कारण पुढें घडलें.

नाताळच्या आधींच्या आठवड्यांत आमच्या मंडळींतील तरुण गीतें गात घरोघर फिरतात. आम्हीहि पेटी वाजविणाऱ्याच्या मागें कंदील धरून जातों. त्या रात्रीं आम्ही बाराजण होतों. एका अरुंद गल्लींतून जात असतां तीच मुलगी दारांत उभी असलेली दिसली. आंतून तिच्या आजींनीं हांक मारिली, "सर, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई," आणि नको म्हणण्याची सोय उरली नाहीं.

घर दीड खोलीचें. भिंतीवरील फळ्यांना वर्तमानपत्र कातरून केलेली झालर लाविली होती, व ती कापड विणल्यासारखी नाजूक होती. तेलाच्या जुन्या डब्यांत मोगरा लाविलेला. दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घातल्या होत्या; त्या सांठल्या म्हणजे किलोवर विकल्या जातात. थंड पेयांच्या बाटल्यांतून पिण्याचें पाणी भरून ठेविलें होतें, कारण त्या गल्लींत नळास एक दिवसाआड पाणी येतें. एक बाटली मधोमध कापून तिच्या तोंडाकडील भागाचें नरसाळें व बुडाकडील भागांत कंगवे ठेवण्याची सोय केली होती. कोपऱ्यांत जुन्या लुगड्यांची वाकळ घडी करून ठेविलेली. घरांत चहाचे पेले चार होते. आधीं चौघांनीं चहा घेतला. मुलीनें पेले विसळून आणिले. मग दुसऱ्या चौघांनीं घेतला. पुनः पेले विसळले गेले. मग उरलेल्या चौघांनीं. आम्ही शेवटच्या चौघांत होतों, म्हणून घर पाहावयास आम्हांस पुष्कळ वेळ मिळाला. मुलीनें वर्गांत खोटें सांगितलें नव्हतें. त्या घरीं टाकावयाचें खरोखरच कांहीं नव्हतें.

गरिबीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. शाळेच्या वार्षिकांतून तसें करणें फार सोपें असतें, म्हणून हें आधींच स्पष्ट करून ठेवितों. चार पेल्यांत बारा माणसांस चहा देणें ही त्या आजींची हौस नव्हे. आणखी आठ पेले असते तर त्यांनीं ते आनंदानें पुढें केले असते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आम्हीं ठेविलेली स्पर्धा कल्पकतेची नव्हती, केराची होती. आणि ज्याच्या घरीं खरेदी अधिक त्याच्याच घरीं केर अधिक निघतो. जिच्या घरीं वर्षभर आमचा विषय आचरला जात होता तिला भाग न घेतल्याचा शेरा मिळाला, आणि ज्यांनीं दोन दिवसांत कोरे पेले वाया घातले त्यांस बक्षीस. टाकाऊ वस्तूंच्या अशा स्पर्धा हल्लीं पुष्कळ शाळांतून होतात, व त्यांतून फार करून हेंच होत असावें असा आमचा समज आहे.

ही हकीकत आम्हीं शिक्षकांच्या खोलींत सांगितली तेव्हां दोन मतें निघालीं. स्पर्धा बंद करावी, हें एक. दुसरें मत आमच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्यांचें: झाडच मुळीं परदेशी आहे, बेथलेहेमास फरचें झाड होतें तरी काय, तेव्हां झाडच नको. यांतील पहिला भाग आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. शुभवर्तमानांत गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे, झाड नाहीं. परंतु यावरून आम्ही जें अनुमान काढितों तें उलट आहे. झाड हें धर्मतत्त्व नसून रिवाज आहे, म्हणूनच तें कशाचें करावें याविषयीं आपणांस पूर्ण मोकळीक आहे.

ही मोकळीक जुनी आहे. आज फ्रान्समध्यें असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरासंबंधीं १६०५ सालचें एक टिपण आहे. तेथील लोक दिवाणखान्यांत फरचें झाड उभें करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदें, पातळ बिस्किटें, सोनेरी वर्ख व साखरेच्या मिठाया टांगीत, असें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे त्या काळच्या झाडाचे बरेचसे अलंकार सण सरल्यावर खाऊन संपविण्याजोगे होते, आणि उरावयाचा तो थोडा कागद! पुढें एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत जंगलांची तोड फार होऊं लागली, तेव्हां तेथील लोकांनीं पाळीव हंसांचीं पिसें हिरवीं रंगवून तीं तारेभोंवतीं गुंडाळून झाडें केलीं. कृत्रिम झाडांतील हें अगदीं पहिलें समजलें जातें. स्वयंपाकघरांत पक्षी सोलल्यावर जें उरतें त्याचें तें झाड होतें. इंग्लंडांत झाडाचा रिवाज राजघराण्यांत आधींपासून असला तरी तो घरोघर पसरला तो १८४८ नंतर. त्या वर्षीं इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या पत्रानें राणी व्हिक्टोरिया व तिचें कुटुंब झाडाभोंवतीं उभें असल्याचें चित्र छापिलें. तेथून तो मिशनऱ्यांच्या सामानाबरोबर आमच्याकडे आला. जी वस्तु इतक्या हातांतून व इतक्या रूपांतून आली ती आमच्या दारीं येऊन एकाच रूपांत गोठून बसावी असें कां? रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत आणिलें, तेव्हांहि कित्येकांनीं नाकें मुरडलीं असतील.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९९० च्या सुमारास, आमच्या प्रार्थनामंदिरांत झाड म्हणून सुरूची फांदी येत असे. सुरू हें समुद्रकांठचें झाड. कोंकणांत व गोव्यांत कित्येक घरीं नाताळास त्याचीच फांदी लावितात. आमच्याकडे घाटावर मिशनच्या आवारांत कोणीं तरी तें लाविलें होतें. वाळूनें भरलेला तेलाचा डबा, त्यास तांबडा कागद, आणि त्यांत ती फांदी. चहाच्या पुड्यांतील चंदेरी कागदाचे तारे करीत. पिंजलेला कापूस हा बर्फ; ज्यांनीं जन्मांत कधीं बर्फ पडतांना पाहिलें नाहीं अशा आम्हां मुलांस तो हिशेबानें वांटून दिला जाई, कारण पुढें तोच उशींत भरावयाचा असे. आणि शोभेची मुख्य वस्तु म्हणजे परदेशांतील मंडळ्यांनीं पाठविलेलीं वापरलेलीं नाताळचीं शुभेच्छापत्रें. मागचा मजकूर कापून टाकून पुढचें चित्र दोऱ्यानें टांगीत. एका पत्रावरील मजकूर कापावयाचा राहून गेला होता. त्यावर कोणा मुलीस तिच्या मावशीनें लिहिलेल्या दोन ओळी होत्या. ती मुलगी कोण हें आम्हांस कळण्याचा संभव नव्हता, परंतु तें पत्र कितीतरी वर्षें आमच्या झाडावर लोंबत होतें व दर वर्षीं आम्ही तें वाचीत असूं. टाकाऊ वस्तूंचें झाड म्हणून आज जें नवें म्हणून दाखविलें जातें तें आम्हीं अशा रीतीनें आधींच पाहिलें होतें. फक्त तेव्हां त्यास बक्षीस नव्हतें.

२०२४ सालीं स्पर्धेचें काय करावें याचा विचार सुरू झाला तेव्हां आम्हीं एक गोष्ट केली, जी खरें पाहतां पहिल्याच वर्षीं करावयास हवी होती. शाळेच्या मागील रस्त्यानें हातगाडी घेऊन एक भंगारवाले जातात. त्यांस थांबवून विचारलें कीं, दादा, तुम्ही काय घेतां व काय घेत नाहीं? त्यांनीं जी यादी सांगितली ती आम्हांस कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत आढळली नव्हती. वर्तमानपत्रें, वह्या, पुठ्ठा, लोखंड, पत्रा, थंड पेयांच्या बाटल्या, जाड प्लॅस्टिक, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, हें सर्व ते घेतात. वेफरचीं पाकिटें, शांपूच्या पुड्या, बिस्किटांचीं वेष्टनें, कागदी पेले, औषधी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, संपलेलीं बॉलपेनें, फुटक्या बांगड्या, यांतील कांहींच ते घेत नाहींत. "त्याला कोण हात लावतो, सर?" असें त्यांनीं आम्हांसच विचारिलें.

कारण समजण्यासारखें आहे. वेफरचें पाकीट एका पदार्थाचें नसतें. प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे व त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप असे थर एकमेकांस चिकटविलेले असतात, आणि ते पुनः वेगळे करणें कोणास परवडत नाहीं. कागदी पेल्यास आंतून प्लॅस्टिकचें अस्तर असतें. त्यामुळेंच चहा झिरपत नाहीं, व त्यामुळेंच तो रद्दींतहि चालत नाहीं. गोळ्यांच्या पट्टीस एका अंगानें प्लॅस्टिक व दुसऱ्या अंगानें ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. या वस्तूंस दुसरा जन्म नाहीं.

यावरून आम्हीं नियम केला तो असा: ज्या वस्तूस भंगारवाला हात लावीत नाहीं, तीच झाडास लावावी. वर्तमानपत्राचे सुळके करून किंवा बाटल्यांचीं बुडें कापून केलेलीं झाडें पुष्कळ ठिकाणीं दाखविलीं जातात, तीं दिसतातहि चांगलीं. परंतु बाटली हा खरोखरी केरच नव्हे. तिला गिऱ्हाईक आहे. तिला एकदां हिरवा रंग फांसला, गोंद लाविला व चमकी चिकटविली कीं ती भंगारवाल्याच्या उपयोगाची उरत नाहीं. म्हणजे पुनः वापरावयाच्या नांवाखालीं तिचा पुढला वापर आपण बंद करितों, आणि ज्यांचें पोट त्यावर चालतें त्यांच्या गाडींतून ती काढून घेतों. हीं माणसें थोडीथोडकीं नाहींत. पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली, व पुढें तिच्यांतूनच "स्वच्छ" ही त्यांची सहकारी संस्था निघाली. या बहुतेक स्त्रिया आहेत. त्यांच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास आमच्या सभागृहांतील रंगविलेली प्रत्येक बाटली हें नुकसान होय. चमकीविषयीं तर आमचें मत पहिल्यापासून वाईट आहे. ती बहुधा प्लॅस्टिकचाच चुरा असते, वर्गांतून महिनोन्महिने निघत नाहीं, आणि शेवटीं गटारांतून नदीस मिळते. युरोपीय संघानें ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीस बंदी घातली, हें ऐकून आमच्या शाळेच्या झाडूवाल्या मावशींस फार समाधान वाटलें.

मोठमोठीं झाडेंहि या बाटल्यांचीं झालीं आहेत. लिथुआनियांतील कौनास शहरांत २०११ सालीं सुमारें ४०,००० हिरव्या बाटल्यांचें झाड उभें केलें होतें. लेबनॉनमधील चेक्का गांवीं २०१९ सालीं लाखाहून अधिक बाटल्यांचें झालें. त्या झाडांचा उद्देश लोकांचें लक्ष वेधणें हा होता व तो साधला, हें खरें. पण चौकांत शोभतें तें शाळेंत शोभेलच असें नाहीं. शंभर मुलांनीं चौकाची नक्कल करावयास घेतली कीं कोऱ्या पेल्यांचें झाड होतें.

आमच्या सन २०२४ च्या झाडाचें वर्णन करितों, कारण कोणास करून पाहावयाचें असल्यास उपयोग होईल. बक्षीस ठेविलें नाहीं. प्रत्येकाचें वेगळें झाड नाहीं. सर्व शाळेचें एक. फाटकापाशीं एक पिंप ठेविलें व ज्यास जें टाकावयाचें असेल त्यानें तें येतां जातां टाकावें असें सांगितलें, म्हणजे कोणीं किती आणिलें, किंवा कांहींच आणिलें नाहीं, हें कोणास दिसावयाचें नाहीं. खरें म्हणजे घरून आणण्याची फारशी गरजच पडली नाहीं. मधल्या सुटीनंतर पटांगणावर पडलेलीं पाकिटें, आणि वर्गावर्गांतून निघालेलीं संपलेलीं बॉलपेनें, एवढ्यानेंच पिंप भरलें. शाळेंत इतकीं पेनें मरतात हें आम्हांस वीस वर्षें शिकवूनहि ठाऊक नव्हतें. आमच्या लहानपणीं एका पेनांत दहा रिफिली जात. आतां रिफिलीची किंमत व पेनाची किंमत यांत अंतर इतकें थोडें उरलें आहे कीं मुलें पेनच टाकून देतात.

सांगाड्यास मोडकी छत्री घेतली. हें आमच्या चित्रकलेच्या बाईंस सुचलें, व यापेक्षां सोयीचा सांगाडा आम्हांस अद्याप सांपडलेला नाहीं. छत्रीचें कापड काढून घ्यावें. त्याच्या पिशव्या होतात. मग छत्री अर्धवट उघडून तिच्या आठ काड्या तारेनें त्याच स्थितींत बांधून टाकाव्या, म्हणजे आपोआप सुळका तयार होतो. दांडा सरळ असल्यास बादलींत दगडगोट्यांमध्यें रोंवावा. वांकडी मूठ असल्यास ती आधीं काढावी. काड्यांवरून चार ठिकाणीं सुतळीचीं कडीं फिरवावीं व त्यांवर पाने बांधावीं. पानांसाठीं पाकिटें उभीं चिरून, साबणाच्या पाण्यांत धुवून, वाळवून, एका बाजूनें बारीक कातरावीं आणि चंदेरी बाजू वर करून सुतळीभोंवतीं गुंडाळीत जावीं. लांब, भरगच्च माळ तयार होते. धुण्याचें काम टाळूं नये. आमच्या पहिल्या दोन माळा घाईनें तशाच लाविल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाडावर मुंग्यांची अशी रांग लागली होती कीं, लहान वर्गांस तीच सजावट वाटली. गोळ्यांच्या पट्ट्या काड्यांच्या टोंकांस टांगल्या. खिडकी उघडी असली कीं त्या किणकिणतात. पेनें रिफिली काढून खालच्या कड्यास उभीं बांधलीं. गोंद, रंग, चमकी, कांहीं नाहीं. सर्व बांधलेलें, म्हणजे सर्व सोडतां येणारें.

कातरकाम ज्यांनीं केलें त्यांत ती मुलगी होती. आतां ती आठवींत आहे. फळ्यांची झालर पाहिली होती त्यामुळें तिचा हात आम्हांस ठाऊक होता. बाकीच्या मुलांच्या कातऱ्या पाकिटाच्या आरपार जात, तिच्या कधींहि गेल्या नाहींत. काम सुरू होण्यापूर्वीं आम्हीं गेल्या वर्षाची यादी आणून तो शेरा वर्गासमोर खोडला, कारण लिहिला होता तोहि वर्गासमोरच. ती कांहीं बोलली नाहीं. मागच्या बांकावरील ज्या मुलांनीं तेव्हां हंसून घेतलें होतें तींहि कांहीं बोललीं नाहींत.

तक्रारी आल्या नाहींत असें नाहीं. बक्षीस नाहीं म्हणून कांहीं मुलें रुसलीं, आणि एका पालकांनीं, आमच्या मुलाची कला आतां कोठें दिसावयाची, असा प्रश्न केला. त्याचें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. मंडळींतील एका वृद्ध बाईंनीं मात्र मर्मावर बोट ठेविलें. त्या म्हणाल्या, "प्रभूच्या जन्माच्या सणाला उकिरडा कशाला सजवायचा, मास्तर?" त्यांच्या बोलण्यांतील भक्ति आम्हांस कळते, आणि म्हणूनच प्रार्थनामंदिरांत अद्याप सुरूचीच फांदी लागते. पण शाळेपुरतें आमचें उत्तर असें कीं, गव्हाणी ही देखील कांहीं पाळणा नव्हे. ती गुरांच्या वैरणीची जागा, आणि गरजेपुरती ती दुसऱ्या कामीं घेतली गेली. पांच हजारांच्या जेवणानंतर उरलेसुरले तुकडे बारा टोपल्या भरून गोळा केले गेले, हें त्या बाईंनींच आम्हांस लहानपणीं शब्बाथ शाळेंत शिकविलें होतें. हें आम्हीं त्यांस सांगितलें तेव्हां त्या हंसल्या. पटलें असें मात्र म्हणाल्या नाहींत.

बाजारांतील प्लॅस्टिकचें झाड ज्यांच्या घरीं आधींच आहे त्यांनीं तें फेंकून देऊन छत्रीच्या मागें लागावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेनें दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामुळें सुमारें ४० किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणांत जातो असा हिशेब दिला आहे. तो खर्च एकदां होऊन गेला आहे, तेव्हां तें झाड जितकीं वर्षें टिकेल तितकीं वर्षें त्यावर पिसाऱ्यासारखा कपडा झटकून लावीत जावें. नवें घेऊं नये, इतकेंच.

दुरून पाहतां आमचें झाड खरोखर चांदीचें वाटे. जवळ गेलें म्हणजे मात्र मुलें आपापल्या खाऊचीं पाकिटें ओळखूं लागत, आणि, "हें माझें," "हें तुझें," असें चाले. कोणत्या वर्गानें काय खाल्लें याचा तो जमाखर्चच भिंतीशीं उभा होता. डबा आणण्याविषयीं आम्हीं वर्षभर केलेल्या उपदेशाचा जो परिणाम झाला नव्हता, त्याचा थोडासा त्या आठवड्यांत झाला. जानेवारींत तो ओसरला.

पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांच्या स्मरणाचा दिवस ६ जानेवारी. त्यानंतर शाळा भरली तेव्हां आठवीच्या वर्गानें अर्ध्या तासांत सर्व झाड सोडलें. सुतळी गुंडाळून ठेविली. माळा व पट्ट्या एका खोक्यांत घालून तें खोकें प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेविलें आहे. यांत फसवणूक नको म्हणून सांगतों: तीं पाकिटें अजूनहि केरच आहेत; आम्हीं त्यांस उकिरड्यावर जाण्यापासून कांहीं काळ थांबविलें आहे, एवढेंच. पटांगणांत रोज जीं नवीं पडतात तीं आमच्या खोक्यांत मावणारीं नाहींत, आणि त्यांचें काय करावें हें छत्री सांगूं शकत नाहीं.

छत्रीची गोष्ट निघालीच आहे तर एक विनंती. सभागृहांतील छत्री आमच्या घरची होती, व तिच्या काड्या दुसऱ्या छत्रीस बसविण्यासाठीं आमच्या सौभाग्यवतींनीं ती जपून ठेविली होती, हें आम्हांस मागाहून कळलें. पावसाळ्यापूर्वीं ती परत करावयाची आहे. पुढील डिसेंबरसाठीं आम्हांस मोठ्या आकाराच्या, काड्या शाबूत असलेल्या तीन मोडक्या छत्र्या हव्या आहेत. ज्यांच्या घरीं दुरुस्तीपलीकडे गेलेली छत्री असेल त्यांनीं ती जून महिन्यांत छत्रीवाल्यास आधीं दाखवावी. तो नको म्हणाला, तरच शाळेंत पाठवावी.